मुलाशी सतत बोलत राहावं की मुलाला बोलू द्यावं?

शब्दवेल:
'बाळाशी अखंड बोलत राहा' हा सल्ला अर्धवट आहे, असं माझं ठाम मत आहे. या सल्ल्याचा मोठा आधार म्हणजे बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या संशोधकांचा १९९५ चा अभ्यास. अमेरिकेतली ४२ कुटुंबं, महिन्यातून एकदा तासभर ध्वनिमुद्रण आणि त्यावरून काढलेला, सधन आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या बोलण्यातल्या तीन कोटी शब्दांच्या तफावतीचा अंदाज. तो आकडाच सगळ्यांच्या डोक्यात बसला. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या मेंदूतल्या ब्रोका या भाषेशी संबंधित भागाची सक्रियता कानावर पडलेल्या शब्दसंख्येपेक्षा संवादाच्या देवाणघेवाणीशी जुळलेली दिसली.

म्हणून मूल जिकडे बघतंय त्याबद्दल एकच वाक्य बोला आणि थांबा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. हुंकार, बोट दाखवणं हेही उत्तरच. आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि शब्द जुळवत असलेल्या मुलाची पाळी हुकते.

मितभाषी:
अजिबात पटलं नाही. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया समाजातल्या बाळांशी थेट बोलणं तासाला चार मिनिटांहूनही कमी होतं, तरी त्यांची बडबड, पहिले शब्द आणि शब्दांच्या जोड्या वेळेवर येतात. घरातली मोठी माणसं आपसांत बोलतात, त्यातूनही भाषा झिरपते. पाच मोजत बसलात तर पालक संवाद विसरून तंत्रच सांभाळत बसतील.

शब्दवेल:
टप्पे वेळेवर येणं वेगळं, शब्दसंग्रह वाढणं वेगळं. २०१३ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या २९ कुटुंबांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांचा शब्दसंग्रह त्यांच्याशी थेट बोलण्यावर अवलंबून दिसला, नुसतं कानावर पडण्यावर नाही. पडद्याचं तर बोलायलाच नको. २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कुहल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोरच्या माणसाकडून ती त्यातले ध्वनी ओळखायला शिकली, चित्रफितीतून नाही.

कानामात्रा:
मराठीतला एक पेच दोघांच्याही नजरेतून सुटलाय. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा 'मी जाते' म्हणतो. 'जाते नाही, जातो म्हण' असं टोकलं की तो बोलायचाच थांबतो. त्यापेक्षा त्याचंच वाक्य दुरुस्त करून त्याच्याकडे परत द्यावं, हे उत्तम. म्हणजे 'मी पाणी पिते' वर 'हो का, तू पाणी पितोस?' पण इथे हा उपाय अपुरा पडतो. आईच्या तोंडून येतं ते 'पितोस'. मुलाला हवं असलेलं 'पितो' तिच्या बोलण्यात स्वतःबद्दल कधीच येत नाही. ते बाबा, आजोबा किंवा मोठा भाऊ यांच्या बोलण्यातूनच कानावर पडायला हवं.

मितभाषी:
हेच तर म्हणतोय! आपसांतलं बोलणं बिनकामाचं नाही.

शब्दवेल:
या एका रूपापुरतं मान्य. पण घरात पुरुष माणूस दिवसभर नसेल तर वाट बघायची गरज नाही. दोन बाहुल्या घ्या. 'राजा म्हणतो, मी जातो. राणी म्हणते, मी जाते. आता राजा काय म्हणेल?' एवढं विचारा आणि थांबा. तिथे मात्र पाच मोजाच.