रोल लॅमिनेशन मशीन : वरचा फिल्म रोल बदलल्यापासून कागद वळतोय

झेरॉक्सकॉर्नर_सांगली :
मंडळी जरा मदत करा. आमचं वर एक खाली एक रोल असलेलं गरम मशीन आहे, दोन्ही बाजूनी लॅमिनेट करणारं. वरचा रोल संपला, खालचा बराच शिल्लक होता म्हणून फक्त वरचाच नवीन टाकला. आता सर्टिफिकेट बाहेर आलं की वरच्या बाजूला वळतं आणि उजव्या कडेला तिरक्या चुण्या पडतात. तापमान तेच, स्पीड तोच. शाळांची ऑर्डर डोक्यावर आहे. काय बघू?

पत्रिकावाला :
आधी दोन्हीचं मायक्रॉन म्हणजे फिल्मची जाडी बघा, वर १२५ खाली ७५ असं झालं असेल तर कितीही नॉब फिरवा वळणारच. सारखं असेल तर मग ब्रेक, म्हणजे रोलचा ताण कमी-जास्त करायचा नॉब. ज्या बाजूची फिल्म जास्त ताणलेली त्या बाजूला कागद वळतो, म्हणजे तुमचा वरचा ब्रेक जास्त आवळलाय, थोडा थोडा सैल करत टेस्ट पेपर सोडा. एकदम सोडू नका, फिल्म ढिली पडली की लाटा येतात.

जुना_बाइंडर :
तिरक्या चुण्या म्हणजे रोल सरळ बसलेला नाही. मशीन बंद करून थंड होऊ द्या, मग वरच्या आणि खालच्या फिल्मच्या कडा एका रेषेत आहेत का बघा. अर्धा सेंटीमीटर जरी सरकला असेल तरी बाहेर राहिलेला गोंद रबर रोलरवर बसतो, कडेला पिवळट कडक पट्टी तयार होते आणि मग प्रत्येक शीटवर तिचा उठाव येतो. ती कोमट रोलरवर जाड सुती कापडाने घासून काढायची, ब्लेड अजिबात लावायचं नाही, रबर कापलं की मशीन कायमचं रेघा मारतं. आणि पुढच्या वेळी दोन्ही रोल एकत्रच बदला, वाचलेला तुकडा छोट्या कामाला ठेवा.

झेरॉक्सकॉर्नर_सांगली :
मायक्रॉन सारखंच आहे दादा. कडा बघतो. पुढच्या आठवड्यात मॅट (बिनचमकीचा) रोल पण टाकायचाय, त्यात गोंदाची बाजू कशी ओळखायची? आम्ही आपलं मंद बाजू म्हणजे गोंद असं धरतो.

पत्रिकावाला :
अहो मॅटला हा नियम उलटा पडतो! मॅटमध्ये मंद बाजू बाहेरची असते, त्या हिशोबाने टाकला तर गोंद सरळ गरम रोलरला आणि अख्खा दिवस साफसफाईत. तुकडा कापा, साध्या कागदात घडी घालून ठेवा, वरून इस्त्री फिरवा, ज्या बाजूला कागद चिकटला तो गोंद. ती बाजू कागदाकडे आली पाहिजे, रोलरकडे नाही. मशीनच्या बाजूला फिल्म ओवायचा स्टिकर असतो तो पण बघा, लोक त्यावर किंमतीचे स्टिकर चिकटवतात काय बोलायचं.

जुना_बाइंडर :
अजून एक, रोल पूर्ण संपू देऊ नका. मशीनमध्ये जुनी फिल्म असतानाच ती मध्ये कापा, नव्याचं टोक सरळ टेपने जोडा आणि सावकाश चालवा, जोड बाहेर आला की काम सुरू. टेप गोंदाच्या बाजूने लावा म्हणजे गरम भागाला लागत नाही. पूर्ण संपलाच तर रुंदीएवढा ताठ पुठ्ठा घ्या, दोन्ही फिल्म त्याच्यावर धरून मधे ढकला, तो रोलरमध्ये गेला की फिल्म आपोआप ओढली जाते. बोटांनी ढकलू नका, आणि मोटर बंद ठेवून हीट चालू सोडून चहाला जाऊ नका, फिल्म वितळून तिथेच डाग पडतो.