टायमरटास्कला पॅरामीटर: कन्स्ट्रक्टरातून की लॅम्डातून?

निशाचर:
जावाच्या टायमरटास्कमधली (ठरल्या वेळी आपोआप चालवायचं काम) रन() मेथड रिकाम्या हाताने येते, एकही आर्ग्युमेंट घेत नाही. मग ग्राहकाचा आयडी आत न्यायचा कसा? आमच्याकडे एकाने तो स्टॅटिक, म्हणजे सगळ्या टास्कांत सामायिक, व्हेरिएबलमध्ये ठेवला. टेस्टिंगला एकच ग्राहक, त्यामुळे सगळं आलबेल. दुसरा आला आणि दोन्ही स्मरणपत्रं त्यालाच गेली! माझं मत: टायमरटास्क एक्स्टेंड करून वेगळा क्लास लिहा, फील्ड फायनल (एकदा भरलं की न बदलणारं) ठेवा, आयडी कन्स्ट्रक्टरातून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, द्या. टास्कला काय लागतं ते तिथेच दिसतं.

झुणका_भाकर:
एका आयडीसाठी अख्खा क्लास? नाकापेक्षा मोती जड. २००४ साली जावा ५ आलं तेव्हापासून ठरल्या वेळी कामं चालवणारी शेड्यूल्ड-एक्झिक्युटर-सर्व्हिस आहे. तिला लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) द्या, आयडी आपोआप आत जातो. टायमरटास्क अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, म्हणून तिथे लॅम्डा चालतच नाही. शिवाय टायमरटास्क चालवणाऱ्या टायमरचा थ्रेड (कामं एकामागून एक चालवणारा धागा) एकच. एका टास्कने न पकडलेलं एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) फेकलं की बाकीचीही बसली.

निशाचर:
तुमचा एक्झिक्युटर तरी कुठे धुतल्या तांदळाचा? ठरावीक अंतराने चालणाऱ्या टास्कने एक्सेप्शन फेकलं की त्याच्या पुढच्या फेऱ्या गुपचूप बंद. लॉगमध्येही काही नाही. आणि फॉर लूपमधला दर फेरीला बदलणारा आय लॅम्डात वापरून बघा, कंपायलर दारातच अडवतो.

झुणका_भाकर:
अडवतो ते बरंच करतो. बदलणारी किंमत आत गेली असती तर तुमच्या स्टॅटिकसारखीच गत झाली असती. लूपमध्येच लोकल व्हेरिएबल घ्या, झालं.

कोबोलकाका:
दोघंही पिशवीवरून भांडताय, पिशवीत काय भरताय ते बघा. अख्खा ऑर्डर ऑब्जेक्ट दिलात आणि टास्क २४ तासांनी चालला, तर मधे तो दुसऱ्या थ्रेडने बदललेला असू शकतो. फायनल लावल्याने फक्त रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारा दुवा) गोठतो, आतला माल नाही. नुसता आयडी द्या, बाकीचं रन()मध्ये डेटाबेसमधून ताजं वाचा.

झुणका_भाकर:
काका, नेहमी नाही हो. ग्राहकाला काल जो भाव कबूल केला तोच आज लावायचा असेल, तर ताजं वाचून घोटाळाच होईल. तिथे रक्कम आणि आयडी त्याच वेळी रेकॉर्डमध्ये (जावातला नुसता डेटा धरणारा छोटा प्रकार) बांधून द्यायचे.

निशाचर:
रेकॉर्ड? म्हणजे शेवटी क्लासच की!

झुणका_भाकर:
एका ओळीचा आहे हो.