हॅरिसनचा तीन तबकड्यांचा संच: गाणं जड का वाजतं?

राजवाडा_इंदूर: बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चा जुना संच मिळालाय, खोक्यावर क्रमांक एसटीसीएच ६३९. टर्नटेबल अमेरिकेचा, ११० व्होल्टचा, बेल्टवाला. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो. 'माय स्वीट लॉर्ड' फार जड वाजतं. हार्मोनियमवर सूर काढला तर काळी एक (सी शार्प) येते. शिवाय पहिल्या दोन तबकड्यांवर नारिंगी सफरचंद आणि तिसरीवर जॅमची बरणी. ही तिसरी भलत्याच संचातली तर नाही? आणि 'इझन्ट इट अ पिटी' दोनदा का?

तबकडी_बडोदा: काळी एक म्हणालात तिथेच उत्तर आहे. गाणं पांढरी तीनचं, म्हणजे ई स्वराचं (अर्ध्यानंतर ते काळी तीनवर चढतं, म्हणून सुरुवातीचं कडवंच तपासा). तीन अर्धस्वर उतरले, म्हणजे ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर फिरतेय (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं). ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे पडतात. घड्याळ लावून बघा, ४ मिनिटं ३८ सेकंदांचं गाणं साडेपाच मिनिटांपलीकडे जाईल.

उपाय पुलीचा. प्लॅटर (तबकडी ठेवायची थाळी) उचला, बेल्ट काढा, मोटरच्या दांड्यावरची पुली व्हर्नियर कॅलिपरने मोजा. काही मॉडेलांना ५० हर्ट्झची पुली वेगळी मिळते. नसेल तर लेथवर पितळेची करून घ्या, पण नुसता व्यास २० टक्के वाढवू नका. व्यासात बेल्टची जाडी मिळवा, १.२ ने गुणा, मग जाडी वजा करा. भोक अगदी मधोमध हवं. केसभर सरकलं तरी लांब सूर डुलतात, आणि या संचात पीट ड्रेकची पेडल स्टील गिटार (सूर घसरवत वाजवायची) आहे, तिथे ते लगेच कानाला लागतं.

शेवटी १८० रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची) प्लॅटरवर ठेवून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघा. रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली भरवसा नाही. २१६ रेघांची चकती ६० हर्ट्झची, ती आपल्याकडे चालणार नाही.

नारिंगी_सफरचंद: संच अस्सल दिसतोय. तिसरी तबकडी 'ॲपल जॅम', म्हणूनच बरणी. तिच्यात बहुतेक नुसतं वादन आहे. 'इट्स जॉनीज बर्थडे' हा पाऊण मिनिटाचा तुकडा बीटल्समधल्या जॉन लेननच्या तिसाव्या वाढदिवसासाठी, ९ ऑक्टोबर १९७०चा. चाल क्लिफ रिचर्डच्या 'काँग्रॅच्युलेशन्स'ची. 'इझन्ट इट अ पिटी' मुद्दाम दोन रूपांत आहे, एक सात मिनिटांचं, दुसरं पावणेपाचचं. वेग सुधारल्यावरही आवाज दाट, घुमणारा वाटेल. तो फिल स्पेक्टरच्या निर्मितीचा, त्यासाठी सुई बदलू नका. आणि 'माय स्वीट लॉर्ड'मधला कोरस खुद्द हॅरिसनचाच आहे, आवाजावर आवाज चढवून. पाकिटावर मात्र 'जॉर्ज ओहारा-स्मिथ सिंगर्स'. शेवटाकडे 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' नीट ऐका.

लष्कर_ग्वाल्हेर: पुढे काय ऐकायचं हे विचारलं नाहीत, तरी सांगते. 'वंडरवॉल म्युझिक' (१९६८) सोडू नका. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम, आणि त्यातला बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत झाला. संतूर शिवकुमार शर्मांचं. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'मध्ये (१९७३) तबला झाकीर हुसेन यांचा. आणि 'ब्रेनवॉश्ड' (२००२) शेवटपर्यंत वाजू द्या. अखेरीस जॉर्ज आणि मुलगा धनी यांचा 'नमः पार्वतीपतये हर हर महादेव' आहे. आपल्याकडे कीर्तनात जो गजर होतो तोच. अल्बम हॅरिसन गेल्यानंतर धनी आणि जेफ लिन यांनी पुरा केला.

राजवाडा_इंदूर: पुली ९ मिमी, बेल्ट अर्धा मिमी. म्हणजे लेथवाल्याला १०.९ सांगू?

तबकडी_बडोदा: बरोबर. पुलीला ४५ फेऱ्यांच्या वेगाची वेगळी पायरी असेल तर तीही याच हिशोबाने वेगळी मोजा, आणि पुलीची उंची, मधला फुगवटा जुन्यासारखाच ठेवायला सांगा. फुगवटा नसेल तर बेल्ट घसरून खाली उतरतो.