मदत हवी आहे: बाबांच्या आवाजाची कॅसेट

नमस्कार. बाबांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. ते लालबागला कापड गिरणीत, साचाखात्यात म्हणजे विणकाम विभागात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी कायमची सुटली. मग पहाटे दादरला फुलं विकून त्यांनी आम्हाला शिकवलं. आईला दमा, म्हणून पाणी भरणं शेवटपर्यंत त्यांच्याकडेच.

त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. अभंग म्हणता म्हणता मध्येच थांबून विचारतात, "अगं, औषध घेतलंस का?" आईला तेवढंच ऐकायचंय.

फितीवर पांढरी बुरशी दिसतेय, त्यामुळे टेपमध्ये घालायचा धीर होत नाही. मुंबईत फीत साफ करून आवाज मोबाइलवर घेऊन देणारं खात्रीचं कुणी आहे का? कॅसेट हातात सोपवायची आहे, कुरिअरने नको.