परदेशातून मराठी ई-पुस्तक घेताना तुमचं काय झालं?

मंडळी, परवा टॅबवर एक मराठी कादंबरी घ्यायला गेले. मुखपृष्ठ दिसलं, परिचयही वाचता आला, पण किंमतीच्या जागी एकच ओळ: हे पुस्तक आपल्या देशात उपलब्ध नाही. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली तेव्हा इथे टोरांटोत आम्ही केवढे खूश झालो होतो! आता पार्सलची वाट बघायला नको, असंच वाटलं होतं. तुमचं कुठे अडलं आणि वाट कशी काढलीत, जरा सविस्तर लिहा.

सह्यपक्षी, डब्लिन

इकडे आल्यावर खात्यावरचा देश बदलला. आधी घेतलेली पुस्तकं शाबूत राहिली, पण पुढे घेऊ म्हणून खूण करून ठेवलेली बरीच मराठी पुस्तकं मिळेनाशी झाली. आता आई पुण्यात छापील प्रती घेऊन ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती पाठवते. बॅग भरताना आधी भाजणी नि मेतकूट, उरलेल्या किलोत पुस्तकं. दिवाळी अंक हाती पडेपर्यंत संक्रांत उलटून जाते. फाइल क्षणात येऊ शकते, हे माहीत असल्यामुळे जास्तच चुटपुट लागते.

शाईपेन, पुणे

मी एका प्रकाशनात करारांचं काम बघते, म्हणून आतली बाजू सांगते. दुकानदार ॲप बहुतेक वेळा आपल्या मर्जीने पुस्तक अडवत नाही. प्रकाशकाने ज्या देशांचे हक्क दिलेत, तिथेच ते विकतं. आणि प्रकाशकाकडे ते हक्क असतातच असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरतेच धरले जातात. आमच्या कपाटातल्या जुन्या करारांत प्रदेशाचा रकाना कोराच आहे. त्यात २०१२च्या दुरुस्तीने ठरवलं, की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय प्रकाशकाकडे जात नाहीत. लेखकाच्या दृष्टीने ही तरतूद रास्तच आहे. पण लेखक हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि एक भाऊ नागपूरला, एक बहीण ह्यूस्टनला असली की कागद महिनोन्‌महिने फिरत राहतो. अनुवादांचं तर आणखी अवघड: मूळ परदेशी प्रकाशक पुष्कळदा भारतीय उपखंडापुरतेच हक्क देतो.

नव्या पुस्तकांना मात्र ही सबब चालू नये. ई-पुस्तक चढवताना ‘सर्व देश’ की ‘निवडक देश’ असा पर्याय समोर येतो. हक्क हाती असूनही घाईत फक्त भारत निवडलेला मी पाहिलाय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

रानजाई, नाशिक

आमचं उलटं. टॅबसोबत आलेल्या पुस्तकांच्या ॲपमध्ये भारतातून फक्त फुकट, जुनी इंग्रजी पुस्तकं दिसत. विकत घ्यायचं म्हटलं तर काहीच नाही.

कानाने वाचणारा, सोलापूर

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचतो. आमच्यासाठी २०१३चा मराकेश करार झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी तयार केलेली प्रत करारातल्या एका देशातून दुसऱ्यात पाठवता येते. आमच्यासारख्यांसाठीच्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचा मला फार आधार आहे. मराठी पुस्तकं अजून खूप वाढायला हवीत. पण सरकारांनी ठरवलं तर पुस्तकासाठी देशाची वेस उघडता येते, हे मी रोज अनुभवतो.

मोगरा, सिंगापूर

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठी विश्वकोशही आहे; कुठूनही उघडतात. पीडीएफची अक्षरं लहान दिसली तर टॅब आडवा धरा.

आणि शाईपेन म्हणतात ते खरंय. एका कवयित्रीला मी सरळ ईमेल लिहिलं, त्यांनी प्रकाशकाला कळवलं. पुढच्याच आठवड्यात संग्रह इथून घेता आला. आता त्यांच्या आधीच्या दोन संग्रहांबद्दल विचारलंय.