कोलेस्टेरॉलला झाडपाल्याच्या कॅप्सूल: गुण येतो की नुसता खर्च?

टेकडीकर: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलंय. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, लिहून दिलीय. तळजाई टेकडीवरचा आमचा फिरायचा ग्रुप म्हणतो, ती एकदा लागली की जन्मभर. त्यापेक्षा गुग्गुळ, लसूण, हळदीच्या कॅप्सूल घे. मलाही पटतंय. झाडपाल्यानं असं काय वाईट होणार?

शनिवारपेठी: होतं की! गुग्गुळावर २००३ साली अमेरिकेत चाचणी झाली, तर एलडीएल उतरायचं सोडून थोडं चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. २०२२ मध्ये लसूण, हळद, दालचिनी वगैरे ५ मिग्रॅ रोसुवास्टॅटिन या स्टॅटिनसमोर उभे केले. २८ दिवसांत गोळीनं एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास खाली आणलं. बाकीचे सगळे औषधच नसलेल्या नकली गोळीच्या पंगतीत.

बटवेवाली: त्या चाचणीला पैसा स्टॅटिनवाल्या कंपनीचाच होता, हे बरं सांगितलं नाहीत! आणि इसबगोल कुठे गेला? तो आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढतं. मंडईत कुठेही मिळतो.

शनिवारपेठी: पैशाचं खरंय. इसबगोलही मान्य, पण उतार फार तर ५ ते १० टक्के. १६२चे १४६ होतील, पुढे काय?

काउंटरमागून: माझं मेडिकल आहे. 'स्टॅटिन नको' म्हणणारे लाल यीस्टनं आंबवलेल्या तांदळाच्या कॅप्सूल मागतात. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन, एक स्टॅटिनच! फक्त कुठल्या डबीत किती, देव जाणे. युरोपात २०२२पासून दिवसाला ३ मिग्रॅच्या आतच ठेवायचं बंधन आहे. एक काका स्टॅटिन आणि हे, दोन्ही घेत होते. मांड्या दुखतात म्हणून मलम मागायला आले. मलम दिलं नाही, दुहेरी स्टॅटिननं स्नायू दुखत असतील म्हणून डॉक्टरांकडे पिटाळलं.

टेकडीकर: मग इसबगोल गोळीबरोबर चालेल?

काउंटरमागून: चालेल, दोन तासांचं अंतर ठेवा. भरपूर पाणी प्या, नाहीतर घशात अडकतो.

बटवेवाली: पण गोळीची घाई कशाला? शुगर नाही, बीपी नाही, घरात हार्टचं कुणाला नाही, तर तीन महिने खाणं सुधारून पुन्हा रक्त तपासा. डॉक्टरही देतात तेवढी मुदत.

शनिवारपेठी: टेकडीकर, वय काय तुमचं?

टेकडीकर: ५४. शुगर काठावर. वडिलांची पन्नाशीतच अँजिओप्लास्टी झाली होती.

बटवेवाली: अहो, मग गोळी घ्या मुकाट्यानं! हे आधी सांगायला काय झालं होतं?