बाबांना कॅम्पर व्हॅनने आत्याकडे नेतेय, पण रात्री झोपवायचं कुठे?

ओटीवरची (पुणे)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार धरून पुण्याहून गुहागरला जायचं चाललंय. बाबा 81 वर्षांचे. प्रोस्टेटमुळे तासातासाला थांबावं लागतं. मागच्या वर्षी कारने निघालो होतो. खेड शिवापूर येईपर्यंत दोनदा थांबलो, तेव्हा तेच म्हणाले, "वळव गाडी. लाज वाटते." आत्या 84 ची. सहा वर्षांत बहीण-भावाची भेट नाही. फोनवर दोघं एकमेकांच्या कवळीची चौकशी करतात आणि ठेवून देतात.

म्हणून यंदा टॉयलेटवाली कॅम्पर व्हॅन ठरवली आहे, ड्रायव्हरसकट. वाटेत कराडला माझी होस्टेलमधली मैत्रीण आणि तिचे यजमान भेटतील, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर.

अडचण अशी की आत्याच्या घरी संडास मागच्या अंगाला आहे, खळं (अंगण) ओलांडून चार पायऱ्या उतरायच्या. बाबांना रात्री ते जमणार नाही. मी फोनवर सहज म्हटलं, ते व्हॅनमध्येच झोपतील. आत्या म्हणाली, "का? माझं घर पडलंय?" त्यानंतर दोन दिवस फोन उचलला नाही.

तिला कसं समजवावं? शिवाय व्हॅन साडेनऊ फूट उंच आहे, वाडीत शिरेल का? कोणी नेली असेल तर सांगा. "कमोडची खुर्ची घ्या" हे सांगू नका. आणली होती. बाबांनी तिच्यावर पेपरांची रद्दी ठेवली आहे.

खालचापाट

ताई, गुहागरचाच आहे. मोठा रस्ता ठीक, खरी गंमत बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर फणस नाहीतर आंबा, आणि खांबावरून घरात गेलेली वायर. आतेभावाला सांगा, बांबूवर साडेनऊ फुटांची खूण करून आधीच चालून बघ. फांदीपुरता बांबू ठीक, वायरीच्या जवळही न्यायचा नाही. ती किती उंच आहे ते वायरमनला बघू दे. खाली आली असेल तर तोच ओढून देईल. काठीने वर धरायचं शौर्य कोणी करू नये.

गाडी सुरूच्या बनापर्यंतच न्या. वाळूत घातलीत तर रविवारची संध्याकाळ ट्रॅक्टर शोधण्यात जाईल. दर सुट्टीत एक तरी रुतते. आम्ही चहा घेत बघतो.

घाटवळण (सातारा)

कराडला थांबणार म्हणजे उंब्रजला वळू नका, सरळ कराड गाठा आणि तिथून पाटणचा रस्ता धरा. कोयनानगरपर्यंत घाट आहे हे कळतही नाही. खरा उतार पुढे, पोफळीकडे. ड्रायव्हरला सांगा, दुसऱ्या गिअरवर उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. बाबांना मागच्या बेडवर आडवं करू नका. मागच्या चाकांच्या मागे सगळ्यात जास्त हेलकावे बसतात. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. आणि टॉयलेट आतच असलं तरी गाडी थांबल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

हॅमिल्टनचा विन्या

न्यूझीलंडमध्ये आम्ही वर्षातून चार-पाच वेळा व्हॅनने फिरतो, त्यामुळे एक घाणेरडा पण गरजेचा मुद्दा. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करणार? इथे ठिकठिकाणी डम्प स्टेशन असतं, तिकडे ते मिळणार नाही. टाकीत ते निळं औषध घालत असतील तर आत्याच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, आतले जिवाणू मरतात आणि पुढचे दोन महिने सगळं घर तुमचं नाव काढेल. औषध न घालता न्या आणि रोज सकाळी टाकी संडासात ओता. भांडी घासलेलं साबणाचं पाणीही पोफळींच्या आळ्यात सोडू नका.

मधली सून

तुम्ही आत्याबाईंना "बाबा व्हॅनमध्ये झोपतील" असं कळवलंत, तिथेच चुकलं. विचारायला हवं होतं. "आत्या, तुझ्या खळ्यात गाडी लावू का, बाबांना रात्री लांब चालवत नाही." मग तीच जागा दाखवेल. माझ्या सासूबाई अशाच. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याशी चार वर्षं बोलल्या नव्हत्या.

ओटीवरची (पुणे)

मधली सून, तुमचं वाक्य कागदावर लिहून फोनवर जसंच्या तसं वाचलं. आत्या म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलंस?" सुटले. बांबू फिरवून झाला. वायर ठीक आहे, फणसाची एक फांदी आड येते. पण तिला कुयऱ्या (कोवळे फणस) धरल्यात म्हणून तोडायची नाही, असा हुकूम आहे. आतेभाऊ ती दोरीने ओढून बांधणार.

ओटीवरची (पुणे)

आलो परत! तुम्ही एवढं सांगितलंत, म्हणून वृत्तांत.

पहाटे पाचला निघालो. कराडला प्रीतिसंगमाजवळ गाडी लावली, मैत्रीण थर्मास आणि कांदेपोहे घेऊन आली. तिच्या यजमानांनी व्हॅनचं प्रत्येक कपाट उघडून पाहिलं. बाबा त्यांना टॉयलेट दाखवत होते, जणू स्वतः बांधलंय. घाटात विशेष काही नाही, फक्त मला मळमळलं. बाबांना नाही.

गुहागरला पोचायला तीन वाजले. दारात बाबा खाली उतरले, आत्या ओटीवरून उठली, आणि दोघंही काही बोलेनात. मग आत्या म्हणाली, "बारीक झालास." जेवणाला कुळथाचं पिठलं, भात, तळलेले गरे. नंतर ती गाडी बघायला आली. पायरी उंच पडली म्हणून आतेभावाने खाली पाट ठेवला. आत शिरून सगळं बघितलं, टॉयलेटचं दार दोनदा उघडलं-लावलं, आणि मला हळूच विचारलं, "रात्री दिवा राहतो का गं इथे?" तेव्हा उमगलं. चार पायऱ्या तिलाही जड जात होत्या. सांगणार कोणाला?

रात्री बाबा एका बेडवर, आत्या दुसऱ्यावर. मी घरात माजघरात, ड्रायव्हर पडवीत. एक वाजता पाणी प्यायला उठले तरी खळ्यातून आवाज येत होता, कुठल्याशा म्हशीच्या वाटणीवरून 1962 सालचा वाद चालला होता. सकाळी आत्या म्हणाली, "डबा बरा आहे." आतेभाऊ आता घरातच, आत्याच्या खोलीला लागून, संडास बांधायचं म्हणतोय. टाकी त्यानेच ओतली, विन्या, औषध नव्हतं.

आता नवा प्रश्न. आत्याने आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली दिली होती, ती कुंभार्ली चढताना कलंडली आणि व्हॅनच्या पांढऱ्या गादीवर परातीएवढा लाल डाग पडलाय. गाडी उद्या सकाळी परत द्यायची आहे. साबण लावू का?

मधली सून

साबण नको! सोडाही नको, निळा-जांभळा पडेल. आधी गार पाण्याने टिपून घ्या, चोळू नका. मग पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून टिपा, कापड बदलत राहा. वीस मिनिटांनी कसं दिसतंय ते इथे लिहा, मी जागी आहे.